काढता येतं ते आपलं

देवानंद रामटेके नव्या घरात शिरला की खोल्या किती आहेत हे आधी बघत नसे, कुठे काय स्क्रूनं बसवलंय ते बघत असे. यात त्याचा एकट्याचा दोष नव्हता. त्याचे वडील राजारामजी रेल्वेच्या सिग्नल खात्यात होते आणि नागपूर, आमला, बडनेरा, बल्लारशा अशा त्यांच्या बदल्या चालू असायच्या. बदलीची ऑर्डर हातात पडली की राजारामजी स्टूल घेऊन क्वार्टरभर फिरायचे आणि आपण लावलेलं सगळं उतरवायचे. बल्ब, होल्डर, पडद्यांचे रॉड, नळाची तोटी, दाराची कडी, दारावरची घंटा. फोटोंचे खिळेसुद्धा उपटून, दगडावर ठोकून सरळ करून ते डब्यात भरायचे. आमल्याच्या क्वार्टरमध्ये त्यांच्यामागून आलेलं कुटुंब पहिल्या रात्री दार दोरीनं बांधून झोपलं होतं म्हणे. राजारामजींच्या मनात लबाडी काडीची नव्हती. सरकारचं ते सरकारचं आणि आपलं ते आपलं, आणि आपलं ओळखायची खूण एकच, ते काढता आलं पाहिजे.

हा वारसा घेऊन देवानंद इंजिनिअर झाला आणि टेक्ससमधल्या प्लेनोत, बेकऱ्यांचे अजस्र ओव्हन बनवणाऱ्या एका कंपनीत लागला. तिथेही सवय सुटली नाही. अपार्टमेंट घेतलं की तिथला शॉवर काढून स्वतःचा लावायचा, सोडताना स्वतःचा काढून जुना जागेवर बसवायचा. संघमित्रा लग्नानंतर प्लेनोत आली तेव्हा तिला बेडरूमच्या कपाटात शॉवर, नळाच्या जाळ्या आणि टॉयलेट पेपरचे दांडे यांनी भरलेलं एक खोकं सापडलं. लग्न नवीन होतं, म्हणून तिनं ते गुपचूप परत ठेवलं.

दोन हजार चारच्या उन्हाळ्यात देवानंदला बढती मिळाली आणि बढतीबरोबर कंपनीची गाडी. वेळही नेमकी साधली होती, कारण त्यांची जुनी गाडी नुकतीच हायवेवर बसली होती आणि ती पुन्हा उठणार नाही असं गॅरेजवाल्यानं सांगितलं होतं. कंपनीच्या गाड्यांचा कारभार बघणाऱ्या बाईंनी देवानंदला एक जाडजूड कॅटलॉग पाठवला आणि फोनवर नियम समजावले. गाडी सगळ्यांना तीच, साधी. वर प्रत्येकाला ठरावीक पॉइंट्स, ते ज्याला जसे हवे तसे उडवावेत. कारखान्यातच गाडीत बसवून येतात ते ऑप्शन्स, ते तीन वर्षांनी गाडीबरोबर कंपनीला परत. आणि वरून लावायच्या, काढता येणाऱ्या त्या ॲक्सेसरीज. त्या परत करण्याची गरज नाही, काढून खुशाल घरी न्याव्यात.

देवानंदनं बाईंना शेवटचं वाक्य पुन्हा म्हणायला लावलं. बाईंनी म्हटलं. बल्लारशाच्या क्वार्टरमध्ये मोठा झालेला माणूस टेक्ससमध्ये बसून हे ऐकत होता, त्याचा ऊर भरून आला.

त्या रात्री जेवताना त्यानं संघमित्राला कॅटलॉग दाखवला. तिचं सगळं लक्ष दुसरीकडेच होतं. प्राणिशास्त्रात एम.एस्सी. करून ती इथे वर्षभर घरात बसली होती, आणि आता कम्युनिटी कॉलेजमध्ये हॉस्पिटलच्या लॅबमधलं काम शिकवणाऱ्या कोर्सला तिला जागा मिळाली होती. जागा थोड्या होत्या, मुलाखत घेऊन दिलेल्या. ऑगस्टच्या शेवटी वर्ग सुरू होणार, कॉलेज शहराच्या पार दुसऱ्या टोकाला, आणि तिकडे जाणारी बस नाही. देवानंदचं ऑफिस मात्र जवळच होतं आणि शेजारच्या मोनालीचा नवरा त्याला रोज न्यायला तयार होता. म्हणजे गाडी दिवसभर संघमित्राला मोकळी. जुन्या गाडीवर शिकून तिनं लायसन्सही काढलेलं होतं. तिनं कॅटलॉग बाजूला सारला.

"मला यातलं काही नको," ती म्हणाली. "फक्त ऑटोमॅटिक घ्या. गिअरची मला जमत नाही. बाकी तुम्हाला काय लावायचं ते लावा."

देवानंद हो म्हणाला. खोटं बोलायचं त्याच्या मनात नव्हतं. पण रात्री कॅटलॉग घेऊन बसल्यावर त्याच्या लक्षात आलं की ऑटोमॅटिक हा ऑप्शन आहे आणि तो एकटाच निम्म्याहून अधिक पॉइंट्स गिळतो. आणि तीन वर्षांनी काय? गाडीबरोबर गडप. ऑटोमॅटिक गिअरबॉक्स काही स्क्रूड्रायव्हरनं काढून कपाटात ठेवता येत नाही. त्यानं शांतपणे विचार केला. भारतात सगळे गिअरच्याच गाड्या चालवतात. आपण भारतातले. दोन रविवारांत संघमित्राला शिकवू. एवढ्याशा गोष्टीसाठी पॉइंट्स पाण्यात घालण्यात काय अर्थ आहे?

मग त्यानं मन मोकळं करून खरेदी केली. टपावर ठेवायची लांबलचक पेटी घेतली. टपावर स्की अडकवायचे चिमटे घेतले, प्लेनोत बर्फ पडल्याचं कोणाच्या फारसं आठवणीत नसताना. मागे सायकली टांगायचा स्टँड घेतला, सायकली नव्हत्या. कुत्र्यानं पुढे उडी मारू नये म्हणून सीटमागे लावायची लोखंडी जाळी घेतली. कुत्रा नव्हताच, शिवाय देवानंद कुत्र्यांना घाबरायचा. खिडक्यांना रबरी वाट्यांनी चिकटणारे पडदे, डिकीत बसणारा फ्रिज, बॉनेटला घालायचं काळ्या रेक्झिनचं झबलं, डिकीच्या दाराला जोडून उभारायचा तंबू. पॉवर विंडो, क्रूझ कंट्रोल असलं काहीही त्यानं घेतलं नाही. एसी साध्या गाडीतच होता हे नशीब. नसता तर लायटरच्या सॉकेटवर चालणाऱ्या पंख्यावर त्यानं टेक्ससचा जुलै काढला असता. तो पंखा त्यानं तरीही घेतला.

गाडी आली ती शनिवारी सकाळी. आणून देणाऱ्यानं ती दारात लावली, किल्ली दिली आणि मागून आलेल्या दुसऱ्या गाडीत बसून तो गेला. देवानंद ऐटीत आत बसला. पायाशी तीन पेडल होते. तो त्यांच्याकडे बघत राहिला, आणि हळूहळू त्याच्या लक्षात एक गोष्ट आली जी आधी यायला काहीच हरकत नव्हती. त्यानं आयुष्यात गिअरची मोटार चालवलेली नव्हती. नागपुरात त्याच्याकडे स्कूटर होती, तिचे गिअर हातात. मोटार चालवायला तो शिकला तो थेट अमेरिकेत, ऑटोमॅटिकवर. भारतात सगळे गिअरच्या गाड्या चालवतात हे खरं होतं, फक्त त्या सगळ्यांत तो नव्हता.

संघमित्रा पायरीवर उभी होती. तिनं टपावरची पेटी पाहिली, मागचा स्टँड पाहिला, मग खिडकीतून आत वाकून गिअरचा दांडा पाहिला. घरात जाऊन तिनं भात लावला.

त्यानंतरचे आठवडे त्या वसाहतीतल्या लोकांना चांगले लक्षात राहिले असतील. मोनालीचा नवरा न्यायला यायच्या आधी देवानंद रोज सकाळी गाडीचा सराव करायचा. समोरचे म्हातारे साहेब हात हलवून देवानंदला प्रवासासाठी शुभेच्छा द्यायचे, कारण एवढा सरंजाम लादलेला माणूस दूर डोंगरातच चाललाय असं कुणालाही वाटलं असतं. देवानंदही हात हलवायचा, गाडी दोन हिसके देऊन बंद पडायची, आणि खिडक्यांचे पडदे पट पट करून खाली गळायचे. ते पुन्हा चिकटवून तो गाडी चालू करायचा. दहा मिनिटांनी म्हातारे साहेब पेपर घ्यायला बाहेर यायचे तेव्हा मोहीम फाटकापर्यंत पोचलेली असायची.

एकदा बँकेच्या ड्राइव्ह-थ्रूमध्ये, म्हणजे गाडीत बसूनच पैसे काढायच्या बोळात, उंची ठरवणाऱ्या आडव्या दांड्याला टपावरची पेटी अडकली. गाडी बंद पडली आणि मागे गाड्यांची रांग लागली. दुसरा कोणी शरमेनं अर्धा झाला असता. देवानंदनं खिशातून स्क्रूड्रायव्हर काढला, टपावर चढला आणि पेटी उतरवली. मागच्या ट्रकवाल्यानं काच खाली करून चार शब्द ऐकवले, तेव्हा त्यालाही देवानंदनं कौतुकानं समजावलं की ही काढता येते.

रविवारी तो संघमित्राला शिकवायला न्यायचा. चर्चच्या मागे मोठं रिकामं पार्किंग होतं, तिथे. जे स्वतःला येत नाही ते शिकवायला निराळा आत्मविश्वास लागतो आणि तो देवानंदकडे भरपूर होता. क्लच झटकन सोड, म्हणायचा. ती झटकन सोडायची. गाडी बेडकासारखी उडी मारायची, मागची जाळी धाडकन पडायची, पडदे गळायचे. मग तो सांगायचा की तू घाबरतेस, म्हणून असं होतं. तिसऱ्या रविवारी ती गाडीतून उतरली आणि दार अगदी हळू लावलं. आपटलं असतं तर देवानंदला बरं वाटलं असतं.

"मी कॉलेजला कळवून टाकते," ती म्हणाली. "जागा सोडते म्हणून. ज्याला चालवता येते अशा कोणाला तरी मिळेल."

देवानंदला वाईट वाटलं, आणि वाईट वाटल्यावर तो नेहमी करायचा तेच त्यानं केलं. रागावला. घरी येऊन बाल्कनीत जाऊन त्यानं नागपूरला आईला फोन लावला. तिकडे सोमवारची सकाळ उजाडली होती. जय भीम वगैरे झाल्यावर त्यानं सगळी कर्मकहाणी सांगितली, अर्थातच आपल्या बाजूनं. बाबांनी कसं शिकवलं, काढता येतं तेवढंच आपलं, मग माझं काय चुकलं? रत्नाबाई सुनेची बाजू घेणार नाहीत याची त्याला खात्री होती, कारण बाबांच्या शब्दाबाहेर गेलेलं त्यानं तिला कधी पाहिलं नव्हतं.

वडील घरात आहेत का असं देवानंदनं विचारलं, तर रत्नाबाई म्हणाल्या, फिराले गेले.

"मले ओटा पाहिजे होता रे," त्या म्हणाल्या. "सैपाकाचा, सिमेंटचा. उभ्यानं सैपाक कराले. आमल्याले मागतला, बडनेऱ्याले मागतला. तुह्ये बाबा म्हणे, सिमेंट काय गाठोड्यात बांधून न्याचं हाय का? अन् मी जमिनीवर बसून भाकरी थापल्या. गुडघे गेले माह्ये. ते काही नेता आले नाही."

आई रागानं बोलत नव्हती, म्हणूनच ते देवानंदला फार लागलं. बदलीच्या वेळी ट्रकमध्ये बसलेली आई त्याला आठवली, मांडीवर खिळ्यांचा डबा. आईनं मग तिकडच्या भाजीपाल्याचं काहीबाही सांगितलं आणि सुनेला आशीर्वाद सांगून फोन ठेवला.

दुसऱ्या दिवशी त्यानं कंपनीच्या गाड्यावाल्या बाईंना गाठलं. गिअरबॉक्स बदलून मिळणार नाही, असं बाईंनी स्पष्ट सांगितलं. मात्र डेन्व्हरच्या ऑफिसातला एक जण नोकरी सोडून गेलेल्या माणसाची ऑटोमॅटिक गाडी वापरत होता आणि गिअरची मिळावी म्हणून त्यानं बाईंच्या मागे लकडा लावला होता. दोघांनी आपसात ठरवलं तर त्यांची हरकत नव्हती. देवानंदनं डेन्व्हरला फोन केला. तो माणूस डोंगरात राहायचा, हिवाळाभर स्की करायचा, त्याच्याकडे सायकली होत्या आणि दोन दांडगे कुत्रे होते. देवानंदच्या गाडीला काय काय लावलंय हे ऐकताना पलीकडून नुसते सुस्कारे येत होते. मग त्यानं अट घातली. गाडी बदलतो, पण लावलेल्या सगळ्या वस्तूंसकट. एकही वस्तू काढायची नाही.

देवानंदनं डोळे मिटून हो म्हटलं आणि घरी फोन करून संघमित्राला, कॉलेजला काही कळवू नकोस, म्हणून सांगितलं. नंतर तो बराच वेळ वॉशरूममध्ये जाऊन बसला.

गाड्या बदलायचं ठिकाण मध्यावर ठरलं, ॲमरिलो. वर्ग सुरू व्हायच्या आधीच्या शनिवारी दोघं पहाटे निघाले. हायवेवर एकदा पाचवा गिअर पडला की गाडी जायची, पण वाटेत गावं होती आणि गावांत सिग्नल होते. डिकेटरच्या सिग्नलला गाडी बंद पडली. विचिटा फॉल्सला दोनदा बंद पडली. तिथून पुढे देवानंदच्या डाव्या पोटरीत असा गोळा आला की तो ओरडत गाडी कडेला घेऊन थांबला.

संघमित्रा उतरली, वळसा घालून त्याच्या दाराशी आली आणि सरका म्हणाली. तो कण्हत पलीकडच्या सीटवर सरकला. आता काय काय होणार या भीतीनं त्यानं दोन्ही हातांनी खिडकीचा पडदा धरून ठेवला. पण गाडी निघाली ती लोण्यातून सुरी फिरावी तशी निघाली. दुसरा पडला, तिसरा पडला. एकही पडदा गळला नाही.

तिनं मग रस्त्यावरची नजर न काढता सांगितलं. त्या तिसऱ्या रविवारानंतर तो ऑफिसला गेला की ती गाडीबरोबर आलेलं पुस्तक वाचायची आणि वसाहतीच्या मागच्या बाजूला, कचऱ्याच्या पेटीपासून लाँड्रीपर्यंत, एकटीच गाडी फिरवायची. क्लच हळू सोडायचा असतो, झटकन नव्हे. ही गाडी घेऊन मोठ्या रस्त्यावर मात्र कधी गेली नव्हती, आज पहिल्यांदाच. एवढं बोलून ती ट्रकला मागे टाकायच्या तयारीला लागली. चिल्ड्रेसच्या सिग्नलला ती थांबली आणि निघाली, ॲमरिलोच्या गर्दीत शिरली, आणि ठरलेल्या हॉटेलच्या पार्किंगमध्ये दोन पांढऱ्या रेषांच्या मधोमध तिनं गाडी उभी केली.

डेन्व्हरवाला आधीच येऊन थांबला होता. त्याचे कुत्रे मागच्या काचेला नाकं लावून बघत होते. देवानंद मात्र गाडीतून उतरेचना, कारण त्याच्या डोक्यात लख्ख उजेड पडला होता. संघमित्राला गिअरची गाडी येते! म्हणजे बदलायची गरजच उरली नाही. पेटी आपली, फ्रिज आपला, तंबू आपला. त्या माणसाची माफी मागू, पेट्रोलचे पैसे देऊ आणि आल्या पावली परत जाऊ. हे सगळं त्यानं तिला एका दमात सांगितलं. त्याचा चेहरा इतका उजळला होता की तिला क्षणभर हसू आलं. मग हसू गेलं.

"तुम्ही मला विचारलं, मी एकच गोष्ट मागितली, आणि ती सोडून तुम्ही सगळं घेतलं," संघमित्रा म्हणाली. "आता मला येते म्हणून तुम्ही सुटले असं समजू नका. मी काय मागितलं होतं?"

"ऑटोमॅटिक," देवानंद म्हणाला.

"मग द्या."

तो उतरला. डेन्व्हरवाल्याला त्यानं पेटीचं झाकण कसं उघडतं ते दाखवलं, तंबूच्या काठ्या मोजून दिल्या, झबल्याची बटणं लावून दाखवली. कुत्रे नव्या गाडीत उड्या मारून चढले आणि जाळीच्या मागे बसले, ती त्यांच्यासाठीच केलेली असावी तसे. देवानंद चार हात लांब उभा होता. पंखा त्यानं नकळत खिशात घातला होता, तो संघमित्रानं काढून त्या माणसाला दिला. मग गाडी वळली, चिमटे, स्टँड आणि पडदे घेऊन डेन्व्हरच्या रस्त्याला लागली. ती दिसेनाशी होईपर्यंत देवानंद बघत होता. त्याला रडू येईल असं वाटलं होतं, पण भूकच लागली.

परतताना गाडी तिनंच चालवली. गाडीत सीट्स, स्टिअरिंग आणि रेडिओ याखेरीज काहीही नव्हतं. विचिटा फॉल्सला देवानंदनं आपणहून, कोणी विचारलं नसताना, आईच्या ओट्याची गोष्ट सांगितली. संघमित्रानं रेडिओ बंद केला आणि ती शेवटपर्यंत ऐकली.

सोमवारी सकाळी ती एकटीच कॉलेजला गेली. देवानंद मोनालीच्या नवऱ्याच्या गाडीत बसून ऑफिसला गेला आणि दिवसभर ओव्हनच्या नकाशांकडे बघत राहिला. संध्याकाळी ती आली. हातात जाड पुस्तकं होती आणि चेहरा थकलेला, खूश. लॅबमध्ये पहिल्याच दिवशी काय काय पाहिलं ते सांगत सांगत तिनं गाडीची किल्ली आपल्या पर्समध्ये टाकली आणि पर्स बंद केली. दुसऱ्या दिवशी देवानंदला एका बेकरीत जायचं होतं, त्याला गाडी हवी होती. गाडी कंपनीनं त्याच्या नावावर दिलेली होती. तो थोडा वेळ सोफ्याच्या कडेला बसला, मग उठून तिच्यापाशी गेला आणि त्यानं किल्ली मागितली.

"कधी परत देणार?" तिनं विचारलं.